बाईंचे तीन कान

बाईंनी मला कामावर घेतलं ते मी त्यांच्या वेळापत्रकाला भिकार म्हटलं म्हणून.

नवीन पनवेलच्या टोकाला त्यांचं आवार होतं. आवारात शाळेच्या पिवळ्या बसगाड्या, कोपऱ्यात पत्र्याची खोली, खोलीत एक टेबल. मी मुलाखतीला गेले तेव्हा टेबलावर एकच कागद होता. बाईंनी तो माझ्यापुढे सरकवला.

"सगळ्या फेऱ्या आहेत यात. आठवडाभर बसून मी स्वतः केलंय. कसं वाटतं?"

मी याद्यांवर जगणारी बाई आहे. एक यादी फ्रिजच्या दारावर, एक पर्समध्ये, आणि या दोन याद्या कुठे आहेत याची नोंद मोबाइलमध्ये. त्या कागदात एका ड्रायव्हरने एकाच वेळी रोडपालीत आणि विचुंब्यात हजर असायचं होतं. दुसऱ्याला जेवायला वेळ नव्हता आणि तिसऱ्याला दुपारभर जेवणाशिवाय काही काम नव्हतं. "हे भिकार आहे," मी म्हणाले आणि का ते ओळीने सांगितलं. सांगून झाल्यावर नोकरी गेली असं समजून पर्स उचलली.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "तुझ्याआधी आलेले सगळे छान म्हणाले. छान म्हणायला नाशकात माझी मुलगी आहे. उद्यापासून ये."

तेव्हा बाई साठीच्या पुढे होत्या. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जागी म्हणावी अशी काळ्या दोरीतली शिट्टी. नवरा टेम्पो चालवायचा. तो गेल्यावर दिरांनी टेम्पो विकून टाकायला सांगितलं. बाईंनी तो विकला आणि त्या पैशांत छोटी बस घेतली, मग ती चालवायला शिकल्या. या क्रमाने. "आधी शिकले असते तर घाबरून बस घेतली नसती," असं त्यांचं म्हणणं. पुढे गाड्या वाढल्या, ड्रायव्हर आले, पण पहिली गाडी त्या स्वतःच चालवायच्या. मालकीणबाईच बस चालवतात म्हणून पालक पोरांना डोळे मिटून बसवायचे.

शिट्टी मुळात गाडी मागे घेताना वाजवायची. पण बाई ती माणसांवरही वाजवत. समोरचा आपल्या आवाक्याबाहेरचं बोलायला लागला की एक फुर्रर्र. एकदा कर्जाची कागदपत्रं घेऊन आलेले बँकेचे साहेब गाड्यांचा रंग कोणता असावा यावर बोलायला लागले. फुर्रर्र. साहेबांनी दचकून चहा स्वतःच्या शर्टवर सांडला. बाईंनी त्यांना रुमाल दिला आणि म्हणाल्या, "व्याजाचं सांगा. ते तुम्हाला येतं."

धंदा मोठा करताना त्यांनी सल्ल्याला माणसं नेमली होती. त्यांना त्या 'कान' म्हणायच्या. एका कानाला एकच विषय. माझा विषय वेळा आणि नोकरमाणसं. गाड्यांचा विषय चाचांचा. चाचांचं बंदर रोडला सुट्या भागांचं दुकान होतं. तारुण्य कुवेतच्या गॅरेजमध्ये घालवून ते पनवेलला परतलेले. त्यांची निवड कशी झाली ते बाई रंगवून सांगत. त्या नवीन गिअरबॉक्स घ्यायला गेल्या होत्या. चाचांनी जुना उघडून पाहिला, पुसला आणि परत त्यांच्या हातात ठेवला. "बाई, अल्लाची कसम, हा अजून तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल. नवीन कशाला घेता?" बाई तिथल्या तिथे म्हणाल्या, "चाचा, आजपासून तुम्ही माझे." चाचांच्या बायकोने हे आतून ऐकलं आणि पुढे बरेच दिवस ती बाईंशी तुटक वागत होती.

तिसरा विषय पालकांचा. तो होता बाईंच्या थोरल्या जावेकडे, आणि या दोघींचं बोलणं बंद होतं.

झालं होतं असं की जावेच्या मुलाच्या हळदीत बँजो रंगात आला होता, सगळं गाव नाचत होतं, आणि सकाळच्या फेरीचे ड्रायव्हरही त्यात घामाघूम होऊन नाचताना बाईंनी पाहिले. त्यांनी मांडवात उभं राहून शिट्टी वाजवली. बँजो थांबला. "गाडी चालवणारे सगळे घरी!" भर हळदीत! जावेने ते कधी माफ केलं नाही. सणाला येणं बंद, जेवणाखाण्याचं बंद. आणि नेमकं त्यानंतर बाईंनी तिला सल्लागार नेमलं.

मी एकदा विचारलं, "बाई, तिलाच का?"

"अगं, पनवेलात मला बरं वाटावं म्हणून न बोलणारी ती एकटीच उरली आहे. सोडते की काय!"

जावेचं विचुंब्यात किराणा दुकान. गावाभोवती नव्या इमारती उठल्या तशा तिच्या दुकानासमोर सकाळ-दुपार बसची वाट पाहणाऱ्या आया उभ्या राहू लागल्या. तिथे काय काय बोललं जाई ते सगळं जावेच्या कानी. दर शनिवारी बाई तिथे जात, एका उलट्या क्रेटवर बसत. जाऊ दुसऱ्या क्रेटवर. दोघी रस्त्याकडे तोंड करून बसायच्या, एकमेकींकडे बघायच्या नाहीत.

"त्या सी विंगवाल्या म्हनत व्हत्या, तुझा नवा डायवर लय फोनवर बोलतो."

"बरं."

"आनि गाडीतली मावशी पोरांवर खेकसते."

"बरं."

"झाला. ऊठ आता, गिऱ्हाइकाला क्रेट लागतो."

चहा नाही, पाणी नाही. बाई गाडीत बसताना मात्र खुशीत असायच्या. म्हणायच्या, "बघ, एक शब्द गोड नाही. सगळा माल चोख."

आम्हा तिघांना त्यांनी कधी एकत्र बसू दिलं नाही. प्रत्येकाला वेगळं भेटायचं. "तीन कान एका खोलीत आले की त्यांचं एकच तोंड होतं," असं त्यांचं मत. कोन गावाकडच्या एका शाळेने गाड्यांबद्दल विचारलं तेव्हाची गोष्ट. मी म्हटलं वेळ बसतो, घ्या. चाचा म्हणाले, हायवेच्या चढाला जुनी गाडी तापेल, घेऊ नका. जाऊ म्हणाली, "कोनच्या बाया पोरी धाडतील, पन गाडीत बाईमानूस नसली तर नाय धाडनार." तीन ठिकाणची तीन उत्तरं घेऊन बाई आवारात आल्या आणि एकट्याच गाड्यांमधून फिरल्या. प्रत्येक टायरला बुटाने हलकेच ठोकत फिरायच्या त्या, विचार करताना. मग मला येऊन सांगितलं, "घेऊ. नवी गाडी, आणि आत मावशी." मी विचारलं, नाही जमलं तर? "सल्ला तुमचा, चूक माझी. त्याची काळजी तू करू नकोस."

ही वाटणी त्या काटेकोर पाळत, आणि आम्हीही. नवीन पनवेलच्या एका सोसायटीतले निवृत्त काका मध्येच चौथा कान व्हायला उत्सुक होते. रोज संध्याकाळी आवारात येऊन बसायचे. बाई काहीही म्हणाल्या तरी "तुमचंच बरोबर आहे!" आठवडाभर बाईंनी ऐकलं. मग म्हणाल्या, "काका, माझंच बरोबर असेल तर मी माझ्या घरीच बसून माझंच ऐकते. तुम्ही इतक्या लांब चालत येता, गुडघे दुखतील."

काका हसले आणि दुसऱ्या दिवसापासून कट्ट्यावर बसू लागले. तिथे त्यांचंच बरोबर असतं म्हणे.

हे सगळं इतकं छान चाललं होतं की त्यात काय राहून गेलंय ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

त्या हिवाळ्यात बाईंची गाडी संध्याकाळच्या फेरीला उशिरा परतायला लागली. वेळ हा माझा विषय. मी बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या "रहदारी वाढलीय," आणि मी त्यांच्या फेरीला थोडा जास्त वेळ दिला. कागद पुन्हा नीटनेटका झाला. मला समाधान वाटलं.

एके दुपारी बाईंच्या गाडीचा डावीकडचा इंडिकेटर फुटला होता. आणायला कुणी मोकळं नव्हतं, म्हणून मीच चाचांच्या दुकानी गेले. चाचांनी डबा काढला, हातात घेतला आणि जरा थांबले.

"पहिल्या गाडीचाच ना?"

"हो."

"डावीकडचाच."

"हो. का?"

"मागच्या महिन्यात नेलेला. त्याच्याआधी बंपरची डावी बाजू. मी बाईंना बोललो, इंडिकेटर बाहेर आलाय, जरा आत बसवून देतो. बसवून दिला." चाचांनी डबा काचेवर ठेवला. "गाडीचा मसला होता, गाडीचा इलाज केला."

मी त्यांना उशिराचं सांगितलं.  मग चाचांनी शटर अर्ध्यावर ओढलं, स्कूटर काढली, आणि मी मागे बसले. थेट विचुंब्याला, जावेच्या दुकानी.

जाऊ डाळ मोजत होती. आम्हाला एकत्र बघून तिचा हात थांबला. "तुमी दोगा? हिकडे? तिला सांगून आलाव काय?"

"पालकांचं काही आहे का?" मी विचारलं. "बाईंच्या गाडीबद्दल?"

"हाय की. ती पोरांना दुसऱ्याच नावानं हाक मारते. आयांना राग येतो. मी बोलली तिला, नावा नीट घे." जावेने डाळीची पिशवी बाजूला ठेवली. "आनि परवा गेटजवळ एका पोरीला तिच्या आयनं मागं खेचली म्हनून. नायतर गाडी पार अंगाला घासत गेली असती."

"हे तुम्ही बाईंना सांगितलं नाही?"

"गाडीचा इषय चाचांचा. मी बोलली अस्ती तर तिनं शिट्टी मारली अस्ती."

चाचा क्रेटवर बसले. "या खुदा," ते म्हणाले. "आम्ही तिघांनी मिळून त्यांचे डोळे सांभाळून घेतले, आणि त्यांना दिसत नाही हे कुणीच बोललं नाही."

खरंच, तो कुणाचाच विषय नव्हता. गाड्या वाटल्या होत्या, वेळा वाटल्या होत्या, पालक वाटले होते. बाई स्वतः मात्र कुणाच्याच वाट्याला आल्या नव्हत्या. आणि दोन तासांनी शाळा सुटणार होती. बाई त्या गाडीवर बसणार होत्या.

"कोण सांगणार?" मी म्हटलं.

जावेने गल्ल्याला कुलूप लावलं. "मी. माझ्याशी ती नायतरी बोलत नाय. माझा काय तुटनारे?"

तिघं एका स्कूटरवर मावत नव्हतो, म्हणून रिक्षा केली. आवाराच्या फाटकात आम्ही एकत्र उतरलो तेव्हा बाई गाडीची काच पुसत होत्या. काच आधीच स्वच्छ होती. आम्हाला बघून त्यांनी शिट्टी तोंडाशी नेली.

"तिघं एकत्र? कट शिजवलात काय?"

"तुला दिसत नाय," जाऊ म्हणाली.

"काय?"

"तुला. दिसत. नाय."

"हा तुझा विषय नाही."

"मंग कोनाचा हाय? सांग ना. आमी तिगा सकाळपासून... नाय, दुपारपासून शोधतोय."

बाईंनी शिट्टी वाजवली. जाऊ हलली नाही. पुन्हा वाजवली. चाचांनी कानांवर हात ठेवले, पण तेही हलले नाहीत. तेव्हा बाई खरंच चिडल्या. "दिसत नाही? मला? हे बघ, समोर रस्त्यापलीकडे पाटी आहे. वाचू? 'गणेश हार्डवेअर'. खाली 'रंग, पाइप, खिळे'. झालं समाधान?"

 ते दुकान दिवाळीच्या आधीच बंद झालं होतं. तिथे आता केकवाल्याने दुकान थाटलं होतं, गुलाबी पाटी लावून. अक्षरं एवढी मोठी की मला चष्म्याशिवायही दिसत होती.

चाचा हळूच म्हणाले, "बाई, तिथे आता केक मिळतो."

बाईंनी रस्त्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं, डोळे बारीक करून. मग हातातलं फडकं दोनदा दुमडलं. "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"रोज त्यावरून जाते मी," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तसा आधी कधी ऐकला नव्हता. मग मागे न वळता मला विचारलं, "गेटजवळ काही झालं का? कुणी मूल?"

"झालं नाही," मी म्हटलं. "होणार होतं."

त्या दिवशी त्यांनी पहिली गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला दिली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. चांगलाच पिकलेला. "तुम्ही चालवत कशा होता?" असं त्यांनी विचारल्यावर बाई म्हणाल्या, "पाठांतरावर."

आधी एक डोळा झाला, मग दुसरा. मधल्या काळात त्या काळा चष्मा लावून कार्यालयात बसत आणि मला माझ्याच याद्या मोठ्याने वाचायला लावत. एवढं झाल्यावर त्यांनी नियम बदलला. महिन्यातून एकदा तिघांनी एकत्र बसायचं, आणि पहिला विषय बाई. मी कार्यक्रमपत्रिकेवर तसंच लिहायचे: 'एक: बाई.' पहिल्या बैठकीत चाचा लाजून काही बोलेनात, आणि जावेला थांबवता थांबवता पुरेवाट झाली. ती बाईंच्या चालण्यापासून सुरू झाली, कंजूषपणावर आली, मग तीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा बारशात शिरली. बाईंचा हात शिट्टीकडे गेला आणि परत मांडीवर आला. हे मी पाहिलं. हा त्यांचा सगळ्यात कठीण महिना असावा, ऑपरेशन धरून.

मग एका रविवारी सकाळी त्यांनी आम्हाला आवारात बोलावलं. पांढरे बूट, चेहरा उजळलेला. पहिली गाडी दारात धुऊन उभी.

"डॉक्टर म्हणतात, दिसतं. लायसन्सचे कागदही झालेत सगळे. पण मी तुम्हाला विचारणार. बसा. कोनपर्यंत जाऊन येऊ. मग सांगा, मी पोरं न्यायची की नाही."

आम्ही पोरांच्या बाकांवर बसलो. गुडघे हनुवटीला. चाचा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, जाऊ ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. बाईंनी गाडी सुरू केली आणि फाटकातून अशी बाहेर काढली की इंडिकेटरला वारासुद्धा लागला नाही. आणि रस्ताभर त्या वाचत सुटल्या. ज्या ज्या पाटीवर अक्षर होतं ते ते.

"'रूम भाड्याने देणे, फक्त फॅमिली'! 'येथे थुंकू नये', आणि खाली थुंकलेत बघा! चाचा, 'गावठी अंडी', 'ळ' काढलाय 'ड'च्या जागी! अहो, किती लिहून ठेवलंय लोकांनी!"

जाऊ खिडकीबाहेर बघत होती, पण हसत होती. मी इतक्या वर्षांत बाईंना इतकं खूश पाहिलं नव्हतं. कोनच्या अलीकडे गल्लीतून एक टेम्पो अचानक आडवा आला. बाईंनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, टेम्पो गेला. झालं काहीच नाही. बाई पुढची पाटी वाचायला लागल्या.

परत आवारात आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. मागे वळल्या नाहीत. समोरच्या मोठ्या आरशात आम्हाला बघत म्हणाल्या, "वेगळं वेगळं नको. इथेच सांगा. चालवू?"

"माशाल्ला, बाई," चाचा म्हणाले. "अगदी मक्खन. चालवा."

"वेळेत जाऊन आलो," मी म्हटलं. "चालवा."

जावेने घसा साफ केला. "चालव गो."

बाईंनी आरशातून जावेकडे पाहिलं.

"तूपण?" त्या म्हणाल्या. मग हसल्या. "टेम्पो आडवा आला तेव्हा मी या आरशात बघितलं. चाचांचा पाय खाली ब्रेक दाबत होता, अजून दाबतोय. या याद्यावालीने डोळे गच्च मिटले होते. आणि तू जी दांडी धरलीस ती कोनपासून इथपर्यंत सोडलेली नाहीस."

आम्ही सगळ्यांनी जावेच्या हातांकडे पाहिलं. बोटं पांढरी पडली होती. तिने दांडी सोडली आणि हात पदरात घेतले. चाचांनी पाय मागे ओढला.

"खरं बोलतात म्हणून एकेक माणूस शोधून आणलं," बाई म्हणाल्या, "आणि आज तिघंच्या तिघं सपशेल खोटं!"

"मंग काय करायचा?" जाऊ एकदम भडकली. "लहान पोरीसारखी पाट्या वाचत व्हतीस! इतकी खूश दिसत व्हतीस!"

"तेही दिसलं मला," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी चावी काढून माझ्या हातात ठेवली.